चिचुंद्रीचे वितरण

२० नोव्हेंबर १९७२. केडगाव. सकाळ.

डायरी आजपासून. नोकरी लागली आहे, आणि नोकरदार माणूस डायरी ठेवतो. शिवाय या घरात कोणाशी बोलण्यात अर्थ नाही.

नोकरी कशी लागली ते लिहून ठेवतो, पुढे लोक विचारतील. नगरला कॉलेजवरून सायकलवर चाललो होतो. फाटकाशी गर्दी दिसली म्हणून आत शिरलो. गर्दी कशाची ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण व्हरांड्यात प्राणिशास्त्राचे प्रोफेसर निसळ सर उभे होते. त्यांनी विचारलं, काय रे, जिल्हाभर भटकायची तयारी आहे का? मी म्हणालो, आजवर दुसरं काही केलेलंच नाही. शिक्षण विचारलं. मॅट्रिक म्हणालो. पास का नापास ते त्यांनी विचारलं नाही.

सरांनी अर्धा तास समजावून सांगितलं. टेबलावर बरणीत दोन तोंडांचं करडू होतं, त्यामुळे मधलं थोडं निसटलं. पण मुद्दा पक्का कळला. फॉर्मवर स्कीमचं नाव छापलेलंच आहे : अहमदनगर जिल्ह्यातील चिचुंद्रीचे जीवशास्त्र व वितरण. जीवशास्त्र सर बघणार. वितरण माझ्याकडे.

मार्चअखेर तेराही तालुके झाले तर पुण्याच्या मोठ्या सर्व्हेत फील्ड असिस्टंट म्हणून सर माझं नाव कळवणार. कायमची पोस्ट. जीपमधून अख्खा महाराष्ट्र. नाही झाले तर पाडव्यापासून पिठाच्या गिरणीत बसायचं, असं दादानं ठरवलंय. दादा म्हणजे आसाराम, माझा थोरला भाऊ, गिरणीचा मालक. मला विचारून ठरवलेलं नाही.

संध्याकाळ. दादाला सांगितलं. हसला. वहिनीला हाक मारून म्हणाला, ऐकलं का, सरकारनं मिलो जवारी वाटली, सुकडी वाटली, आता चिचुंद्र्या वाटायला काढल्यात, आन वाटायला कोन, तर आपला गहिन्या! वहिनी म्हणाली, मग पयल्या आपल्या गिरनीतल्या न्या म्हनावं, लई वास मारत्यात.

मी गहिनीनाथ आहे. गहिन्या नाही. जेवलो नाही. (नंतर जेवलो, पण बोललो नाही.)

२२ नोव्हेंबर.

सरांनी चार पिंजरे दिलेत. चिचुंद्र्या धरायच्या कुठे ते सांगितलं नाही. सांगितलं असेल तर करडाच्या वेळी. पण वहिनीचं बोलणं कधी नव्हे ते उपयोगी पडलं. गिरणीत सुकट लावून पिंजरे मांडले. सकाळी तीन!

उंदीर नव्हे ही. सोंडेसारखं लांब नाक, डोळे मोहरीएवढे, आणि असून नसल्यासारखे. भिंतीच्या कडेकडेनंच पळते. पिंजऱ्याला हात लावला की बाजूने असा काही वास सोडते की हात दोनदा धुतला, तिसऱ्यांदा राखेनं घासला. वहिनी म्हणाली, धरा, पर समद्या नेऊ नका, दोन तरी ऱ्हाऊ द्या, चिचुंद्री म्हंजी लक्ष्मी असती घरातली. दोनच दिवसांपूर्वी म्हणत होती न्या. बायकांचं एक ठरत नाही याचा संताप येतो.

सरकारचा विचार मात्र मला पटला. दुष्काळ. मोजकं धान्य. त्याला कीड. चिचुंद्री किडे, झुरळं खाते. तेव्हा जिथे नाही तिथे पोचवायची. कोणाच्या डोक्यातून निघालं असेल, त्याला मानलं.

संकल्प : आठवड्याला दोन तालुके. जानेवारीच्या पहिल्या हप्त्यात खलास. पुढे आराम.

२८ नोव्हेंबर. पारनेर.

रागाने अक्षर वाकडं येतंय.

डालड्याच्या डब्याला भोकं पाडून पाच चिचुंद्र्या एकत्र घातल्या. एसटीत बसलो. नगर सोडलं नाही तोच वास. पुढचा फेटेवाला मागे बघतो, मागची म्हातारी पुढे बघते. कंडक्टर आला आणि माझ्याच पायाशी वाकून हुंगायला लागला. म्हणाला, डब्यात काय हाय? मी म्हणालो, सरकारी माल. म्हणाला, सरकारी माल हाय ते वासावरूनच कळलं, टपावर ठेवा. अख्खी गाडी हसली. फेटेवाला तर उतरेपर्यंत हसत होता. डबा टपावर.

पारनेरला उतरून झाकण उघडलं तर दोन धड, एक अर्धी. बाकीच्या त्यांनीच खाल्ल्या. रेशनच्या दुकानात होते ती गळती इथेही!

आत्याचा मुलगा सूर्यभान बांधबंदिस्तीच्या कामावर होता. खांद्यावर कुदळ, भुवयांपर्यंत माती. डबा बघून धावत आला. म्हणाला, मिलो हाय का? मी म्हणालो, चिचुंद्री. त्यानं आत बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा आत बघितलं. म्हणाला, हितं आमच्या तोंडाला खायाला न्हाई आन तू आनखी तोंडं आनून सोडतो व्हय? घराच्या आसपास जरी सोडलीस तरी तंगडं मोडीन. मी म्हणालो, स्कीम आहे. तो म्हणाला, स्कीम तुझ्या डोक्यात हाय.

अडाणी लोक. शेवटी वस्तीपासून मैलभर लांब, उघड्या माळावर, दगडांच्या ढिगाशी सोडल्या. फॉर्म भरला : पारनेर, नग दोन, उघडे रान, वस्तीपासून एक मैल.

५ डिसेंबर. नगर.

निसळ सरांना फॉर्म दाखवला. खुर्चीतून उठले. पुन्हा बसले. विचारलं, रानात? वस्तीपासून मैलभर? खात्री आहे? मी म्हणालो, माझ्या डोळ्यांनी बघितलं सर, दगडात शिरली. त्यांनी लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. म्हणाले, अरे, ही घराच्या, गोदामांच्या आधाराने राहते अशी आमची समजूत. तू तर सगळं उलटंपालटं केलंस! माझ्या हातात हात दिला. प्रोफेसरनं.

बोलता बोलता म्हणाले, तिला दर थोड्या वेळाने खावं लागतं, एक दिवस उपाशी राहिली तर मरते, आणि दोघी एकत्र ठेवल्या तर भांडतात. हे आत्ता सांगतात! तीन नगांचं नुकसान कोणाच्या नावावर? पण चांगला माणूस आहे, म्हणून बोललो नाही.

संकल्प : एका डब्यात एकच. वाटेत झुरळं घालायची.

१९ डिसेंबर.

श्रीगोंदा, नेवासा, राहुरी ठरले होते. एकच झाला : श्रीगोंदा. कारणं : अ) थंडी. आ) राहुरीला जाताना वाटेत एका गावात टुरिंग टॉकीजचा तंबू लागला होता. चित्रपट अर्धवट सोडणं मला जमत नाही. तंबूतून बाहेर आलो तर डब्यातली चिचुंद्री मेलेली. सिनेमावाल्यांना वेळेचं भान नसतं.

२ जानेवारी १९७३. संगमनेर स्टँड.

अकोल्याच्या गाडीसाठी उतरलो. तालमीत कुस्त्या असल्याचं कळलं. एकच कुस्ती बघायची ठरवली होती. परत आलो तेव्हा मी बाकावर ठेवलेला डबा कुत्र्याने लवंडलेला, आणि चिचुंद्री कंट्रोलरच्या केबिनमध्ये. कंट्रोलर टेबलावर चढलेला. मला म्हणाला, तुझी काय? मी नाही म्हणालो. टेबलावर चढलेल्या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

तरी काम झालंच. फॉर्म : संगमनेर, नग एक, एसटी स्टँड, नियंत्रक कक्ष.

नकाशावर चौथी फुली. केडगाव धरून.

८ जानेवारी. राजूर, तालुका अकोले.

अखेर माणसं भेटली!

स्टँडसमोर लंकाबाईची खानावळ. डोईवर पदर, तोंडात मिसरी, आवाज असा की पातेल्याचं झाकण हलावं. भाकरी खाताना डबा उघडला तर म्हणाली, अगं बया, चिचुंद्री! कुठली आनली वो? मी म्हणालो, केडगावची, सरकारी वितरण. ती म्हणाली, आमच्याकडं घुशी हायेत, उंदीर हायेत, ही न्हाई कुठं. लक्ष्मीचा जीव हाय, द्या हितंच. मी एक सोडली. पोट मोठं होतं. चुलीमागून कडेकडेने गेली आणि लाकडांच्या ढिगात दिसेनाशी झाली. लंकाबाईने तिकडे हात जोडले.

इतका मान या स्कीमला पहिल्यांदाच मिळाला. डोळे भरून आले. (चुलीचा धूर.)

११ जानेवारी. राजूर.

बाजाराचा दिवस. लंकाबाईनं गावभर केलं. दारात सात बायका. पहिली म्हणते, मला का न्हाई? दुसरी म्हणते, तिला एक दिली तर मला दोन, माझं घर मोठं हाय. मी म्हणालो, रांगेत या. एकीनंही ऐकलं नाही.

वितरणात पारदर्शकपणा पाहिजे. शाळेजवळच्या दुकानातून वही आणली, वर लिहिलं : चिचुंद्री वाटप रजिस्टर, राजूर. नाव, नग, अंगठा. मालनबाईने अंगठा उमटवून वर मलाच दटावलं, म्हणे नर दिला तर मी घेनार न्हाई. राग आला, पण लिहून घेतलं : मादी.

जवळचे तीन नग संपले. बाकीच्यांना पुढची तारीख. लोकांना अपेक्षा लावायच्या आणि वरून मालच नाही, हे या देशाचं दुखणं आहे.

२५ जानेवारी. केडगाव.

राजूरला आणखी चार पोचवले. येताना पारनेरला सोडलेल्या दोन नगांचं काय झालं ते बघायचं होतं, पण सूर्यभान दिसला म्हणून एसटीतून उतरलोच नाही.

राजूरला पोचेपर्यंत वाटेत एक मेली होती. सरांनी सांगितलंच होतं मेलेली आढळली तर स्पिरीटमध्ये घालून पाठव. पाठवली. लेबल : राजूर. सरांचं पत्र आलं. पोटात पीठ आणि धान्यातले टोके सापडले म्हणे, राजूरला मोठं गोदाम आहे का? प्रश्न, प्रश्न. काम करणाऱ्याला प्रश्न, न करणाऱ्याला पगार!

पण पुढे लिहिलंय, तुझ्या नोंदींवर मी एक निबंध लिहितो आहे. पुण्याला वाचणार. त्यात तुझं नाव असेल.

पत्र वहिनीला वाचून दाखवलं. दादालाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात. दादाने गिरणी चालू केली.

१० फेब्रुवारी. राजूर. सकाळ.

लंकाबाईने हलवून उठवलं. म्हणाली, या, गंमत बघा, बोलू नका. लाकडांच्या ढिगामागून चिचुंद्री निघाली, तीच, मोठ्या पोटाची. तिच्या शेपटीच्या बुडाशी एका पिल्लानं तोंडानं धरलेलं, त्याच्या मागं दुसऱ्यानं, मग तिसऱ्यानं, मग चौथ्यानं. ती वळली की सगळी वळतात. थांबली की सगळी थांबतात. भिंतीच्या कडेने अशी गेली जणू एकच लांब जनावर. चौथं एकदा सुटलं. जागेवर गोल गोल फिरून बारीक ओरडायला लागलं. आई सगळ्यांना घेऊन मागं आली, त्याला जोडून घेतलं, मग पुढं.

जमिनीवर पोटावर पडून बघत राहिलो. एसटी गेली. पुढची गेली.

नंतर मात्र राग आला. फॉर्ममध्ये याला रकाना नाही. चार नग वाढले आणि वितरण माझ्या हातून नाही! पिल्लं लंकाबाईच्या खात्यावर धरायची का? मालनबाईला कळलं तर भांडण.

२४ फेब्रुवारी. केडगाव.

माल संपला.

चार पिंजरे, सहा रात्री, एकही नाही. गिरणी रिकामी. वर दादा माझ्यावर आग ओकतोय. म्हणाला, चिचुंद्र्या न्हेल्यास आन झुरळं ठेवलीस. पिठात टोके निघत्यात. कडूबाईंनी बाजरीचं दळन माझ्या तोंडावर आनून ओतलं आज, माझ्या! तीस वर्सं त्या बाईनं दुसरीकडं दळलं न्हवतं.

मी म्हणालो, एखाद्या घरानं देशासाठी थोडं सोसायला हवं. दादाने मापटं फेकलं. लागलं नाही. लागलं असतं तर मी काय केलं असतं ते लिहीत नाही.

परवा राजूरला लंकाबाईकडे निरोप पाठवला होता, पिल्लं मोठी झाली असतील तर दोन परत द्या, जामखेड कोरडंच आहे. निरोप्या उत्तर घेऊन आला : दिल्यालं परत मागायला तू काय उसनं पीठ दिलं हुतंस व्हय?

३ मार्च.

आठ तालुके बाकी. मी खोटेपणा करणारा नाही. फॉर्मवर स्पष्ट लिहिलं : कर्जत, जामखेड, शेवगाव वगैरे : पुरवठ्याअभावी वितरण प्रलंबित.

१० मार्च.

सरांचं पत्र. प्रलंबित म्हणजे काय ते कळलं नाही म्हणतात. एवढे शिकलेले. पण राजूर बघायला ते स्वतः येताहेत, वीस तारखेला. बरोबर पुण्याचे मोठे साहेब, सर्व्हेतली पोस्ट ज्यांच्या हातात आहे ते. माझ्या नोंदी खऱ्या ठरल्या तर जागच्या जागी सही करणार!

पत्र दादाच्या गल्ल्यावर ठेवलं. उघडं. मुद्दाम.

संकल्प : खादीचा शर्ट. दाढी. जीपमध्ये पुढच्या सीटवर बसायचं.

२० मार्च. राजूर. दुपार.

लिहायचं नव्हतं. लिहितो.

सर आणि पुण्याचे साहेब अकराला आले. साहेब जाड, घामट. मी शर्ट घालून स्टँडवर. लंकाबाईने सारवण केलेलं, बायका जमलेल्या. मला अभिमान वाटत होता.

सरांनी लंकाबाईला विचारलं, बाई, चिचुंद्री तुमच्याकडे पहिल्यापासून आहे ना? ती म्हणाली, न्हाई वो सायेब, पयली कुठली? घुशी हुत्या, उंदीर हुते. चिचुंद्री ह्यानीच आनली केडगावाहून, डालड्याच्या डब्यात. लई चांगलं पोरगं. मला पोटुशी दिली. सर म्हणाले, कोणी आणली? मालनबाई पुढे होऊन म्हणाली, ह्यानी, सरकारची वाटप हाय न्हवं, पर बघा सायेब, हिला पिल्लं धरून पाच झाल्या आन मला एकच, आन ती बी नरच निघाली. मग सगळ्याच बोलायला लागल्या. लंकाबाईने रजिस्टर आणून सरांच्या हातात दिलं. म्हणाली, ह्यो बघा माझा आंगठा.

सरांनी रजिस्टर पहिल्यापासून वाचलं. सावकाश. पानं उलटून. पुण्याचे साहेब त्यांच्या खांद्यावरून बघत होते. मग ते हसायला लागले. चष्मा काढला, डोळे पुसले, पुन्हा हसले, ओट्यावर बसले आणि बसून हसले. म्हणाले, निसळ, तुमचा निबंध! बायका पण हसायला लागल्या, कशाला ते माहीत नसताना.

सरांनी मला विचारलं, गहिनीनाथ, वितरण म्हणजे तुला काय वाटलं?

मी सांगितलं.

म्हणजे पारनेरचं रान? मी सोडली. संगमनेर? कुत्र्याने. सरांनी रजिस्टर मिटलं.

साहेबांवर इतका संताप आला की कानात आवाज येत होता. हसण्यासारखं काय आहे? जिल्ह्यात वर्षभर सगळं वाटतातच आहेत!

२० मार्च. केडगाव. रात्र.

चार वाजता साहेब जीपमध्ये जाऊन बसले. सर माझ्याजवळ आले, स्टँडच्या बाकावर बसले, दोन चहा सांगितले. मी तयारीत होतो. ते ओरडले की मी काय म्हणणार ते मनात जुळवून ठेवलं होतं : तुम्ही नीट सांगितलं नाही, करडू टेबलावर कशाला ठेवता, गरिबाच्या पोराला पुस्तकी शब्दात गुंतवता. सगळं तयार.

सर म्हणाले, चूक माझी आहे. कुठे कुठे आढळते, असं छापायला हवं होतं. फॉर्मवर माझी सही आहे.

मी म्हणालो, सर, मीच नीट ऐकलं नाही. हे माझ्या तोंडून निघालं!

ते म्हणाले, नाव आता कळवता यायचं नाही. निबंध मी मागे घेतो, पुण्याला मीच लिहीन. चहा निवला. मग म्हणाले, तू जे काही स्वतः बघितलंस, सोडलेलं नव्हे, बघितलेलं, असं काही आहे का?

मी पिल्लांची रांग सांगितली. चौथं सुटलं ते. आई परत आली ते. सरांनी खिशातून वही काढून सगळं लिहून घेतलं, तारीख, वेळ, लाकडांचा ढीग, पिल्लं चार. अजून काही, म्हणाले. नव्हतं.

उठताना पिंजरे परत मागितले. हळू आवाजात, मला वाईट वाटू नये अशा.

बसमध्ये ठरवलं की सरांवर रागवायचं. नगर येईपर्यंत प्रयत्न केला.

४ एप्रिल. पाडवा. गिरणी.

दादाने सकाळी किल्ली दिली. टोमणा मारेल म्हणून थांबलो होतो. पट्टा कसा चढवायचा ते दाखवलं आणि गुढीच्या पूजेला गेला. वहिनीने जेवण इथेच पाठवलं, पुरणाच्या पोळ्या दोन जास्त.

लंकाबाईवर चिडावं तर ती खरं तेच बोलली. साहेब हसले, पण हसण्यासारखं होतं.

दहा वाजता कडूबाई डोक्यावर पाटी घेऊन आल्या. आमच्याच गिरणीत, पुन्हा. आत वाकून बघितलं आणि म्हणाल्या, तू हायेस व्हय आता? जाडं दळ बाबा, आन सांडू नकोस. मी म्हणालो, बरं.